न काढलेल्या नमुन्यांचा हिशेब

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्रात अनुमानाचा भाग सुरू होतो, तेव्हा मुलांना वाटतं की आता सूत्रं वाढणार. सूत्रं वाढतातच, पण मुलं अडतात ती तिथे नाही. पहिल्या वर्षी सरासरी काढली, प्रमाण विचलन काढलं, की उत्तराखाली दुहेरी रेघ मारून मोकळं होता येत होतं. आता त्याच सरासरीबद्दल पुढचा प्रश्न येतो: नमुना पुन्हा काढला असता, तर ही सरासरी किती हलली असती? हातात नमुना एकच असतो आणि प्रश्न असतो हाती न आलेल्या सगळ्या नमुन्यांबद्दल. इथे चांगली हुशार मुलंही थबकतात.

माझ्या प्रॅक्टिकलला त्यासाठी चिठ्ठ्यांचा एक डबा असतो. चिठ्ठ्यांवर आकडे असतात. त्यांची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन 10. हे मुलांना माहीत नसतं, मला असतं. प्रत्येकाने चार चिठ्ठ्या काढायच्या. एक काढली की आकडा लिहून परत टाकायची, डबा हलवायचा आणि मगच पुढची. सरासरी काढून फळ्यावरच्या रेषेवर खडूचा ठिपका द्यायचा. वीस जणांची बॅच संपेपर्यंत ठिपके साधारण 40 ते 60 मध्ये विखुरलेले दिसतात. मग तोच खेळ सोळा चिठ्ठ्यांचा. आता बहुतेक ठिपके 45 ते 55 मध्ये येऊन बसतात. चिठ्ठ्या चौपट केल्या म्हणजे फैलाव पावपट होईल, अशी बहुतेकांची अटकळ असते. तो निम्माच होतो, कारण भागायचं असतं ते नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने. सर्वेक्षणात खर्च चौपट करून अचूकता जेमतेम दुप्पट का होते, ते याच फळ्यावर कळतं.

हा खेळ काही माझा शोध नाही. विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. बार्ली आणि हॉप्सच्या चाचण्यांत त्याच्या हाती मोजकीच निरीक्षणं यायची आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. त्याने 3,000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तितक्याच तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे 750 नमुने पाडले. हातात संगणक नसताना त्याने न काढलेले नमुने असे प्रत्यक्ष काढून पाहिले. आपलं गणित त्यांच्याशी ताडून 1908 मध्ये त्याने ‘बायोमेट्रिका’त लेख छापला. खाली सही होती ‘स्टुडंट’. आज मुलं जी टी-टेस्ट घोकतात, तिचं मूळ तिथे आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलला दहा चिठ्ठ्या आणि 95 टक्के विश्वास अंतराल, म्हणजे डब्याची खरी सरासरी पकडू पाहणारे दोन आकडे. इथे कॅल्क्युलेटर बाहेर येतात. कॅसिओवर प्रमाण विचलनाचे दोन पर्याय दिसतात, एक एनने भागलेला आणि दुसरा एन वजा एकने. आपल्याला दुसरा हवा. सरासरी याच दहा आकड्यांतून घेतलेली असल्यामुळे तिच्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्यच येते. नऊ विचलनं कळली की दहावं आपोआप ठरतं, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम नऊ. आकडे भरून झाले की पडद्यावरचा एन बघायचा, ही सवय मी लावून घेते. चिठ्ठ्या दहा आणि एन सतरा दिसत असेल, तर आधीच्या उदाहरणाचे आकडे पुसायचे राहिलेत. मग टी-टेबलात नऊच्या ओळीत बोट सरकवत 2.262 गाठायचं. मोठ्या नमुन्याला हाच आकडा 1.96 असतो. नमुना लहान असल्याचा दंड म्हणून अंतराल रुंद होतं.

एका मुलीची सरासरी आली 41.8, प्रमाण विचलन 8.6. अंतराल झालं 35.65 ते 47.95. मी फळ्यावर 50 लिहिल्याबरोबर तिने वही जवळ ओढली आणि सगळं पुन्हा मांडलं. उत्तर तेच.

“मॅडम, कुठे चुकलं?”

कुठेच चुकलं नव्हतं. वीस जणांत सरासरी एकाचं अंतराल हुकणारच. एखाद्या बॅचमध्ये कुणाचंच हुकत नाही, एखादीत तिघांचं हुकतं. 95 टक्के हा आकडा पद्धतीच्या भरवशाचा आहे, तिच्या वहीतल्या त्या दोन आकड्यांचा नाही. डब्याची सरासरी जागची हलत नाही. हलतात ती अंतरालं. “खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता 95 टक्के” हे चुकीचं वाक्य पेपरात दरवर्षी येतं. चिठ्ठ्यांच्या तासाला बसलेली मुलं ते जरा कमी लिहितात. प्रत्यक्ष सर्वेक्षणात मात्र डबा उघडून दाखवणारं कुणी नसतं. आपलं अंतराल हुकलेल्यांपैकी आहे की नाही, ते कधीच कळत नाही.

परिकल्पना चाचणीला मी पाणी वापरते. बाटलीचं पाणी नुसत्या चवीवरून ओळखतो, असं म्हणणारं कुणी ना कुणी वर्गात असतंच. आठ ग्लास भरायचे, चार नळाचे, चार बाटलीचे. क्रम सोडतीने लावायचा आणि बाटलीचे चार ओळखायला सांगायचे. आराखडा रोनाल्ड फिशरचा आहे. 1935 च्या पुस्तकात त्याने चहात आधी दूध घातलं की नंतर, हे ओळखल्याचा दावा करणाऱ्या बाईंसाठी तो मांडला होता. आठातून चार निवडण्याच्या तऱ्हा 70. नुसता अंदाज असेल, तर चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे 0.014. चारांपैकी तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची सत्तरात सतरा, म्हणजे 0.24. घडला एकच प्रकार, पण ही शक्यता, म्हणजे पी-व्हॅल्यू, काढायला सत्तरही प्रकार मोजावे लागतात.

मग जर्नलमध्ये निष्कर्ष लिहायचा. एका मुलाने तीन ओळखले आणि त्याच्या जोडीदाराने लिहिलं, ‘याला पाणी ओळखता येत नाही हे सिद्ध झालं.’ लाल शाई इथेच सर्वांत जास्त लागते. आठ ग्लासांवरून त्याचा दावा मान्य करण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं. कदाचित त्याला येतही असेल आणि ग्लास कमी पडले असतील. दुसऱ्या टोकाचं वाक्यही ठरलेलं असतं: चारही ओळखले, म्हणजे तो अंदाज करत असण्याची शक्यता 1.4 टक्के. अंदाज आहे असं धरूनच जो आकडा काढला, तो अंदाज असण्याची शक्यता कशी सांगेल?

टेबलं आणि चिठ्ठ्या यांतून बाहेर पडायला मला पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेतात आखलेल्या चौकटीतलं पीक कापून उत्पन्न मोजणं, बरा वाटतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळासाठी किमान दहा प्रयोगांची अट आहे. त्यांच्या सरासरीची ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाशी तुलना होते आणि जितकी तूट, त्या प्रमाणात भरपाई. सोयाबीनवाल्या घरातल्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून ताबडतोब विचारलं, “दहा म्हणजे परत 2.262च ना?” नेमकं तेच. योजनेच्या सूत्रात मात्र सरासरी जाते, अंतराल जात नाही. सरासरी उंबरठ्याच्या जवळपास असली, तर दुसरी दहा शेतं निघाली असती तर भरपाई मिळाली असती किंवा गेली असती.

आणि शेतं निघायची कशी, यावर तर सगळंच उभं आहे. भात एकसारखा शिजतो, म्हणून शितावरून परीक्षा होते. शेतात विहिरीकडची बाजू वेगळी, बांधाकडची वेगळी. म्हणून शेत यादृच्छिक आकड्याने निवडतात आणि शेतातली चौकटही नैऋत्य कोपऱ्यापासून तशाच आकड्यांनी आखतात. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनला गेले आणि तिथे नेमन व इगॉन पिअर्सन यांच्याकडे अनुमानाचा हाच विषय शिकले. 1940 च्या दशकात त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या पीक सर्वेक्षणांतल्या छोट्या चौकटींवर बोट ठेवलं. छोटी चौकट उत्पन्न फुगवून दाखवते, कारण कापणारा कडेवरची रोपं आत धरतो. 10 बाय 5 मीटरच्या चौकटीला 50 चौरस मीटरमागे कड 30 मीटर. 1 बाय 1 मीटरच्या चौकटीला एका चौरस मीटरमागे 4. अशा छोट्या चौकटी हजार घेतल्या तर प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीचा फैलाव, घटते, पण फुगवटा जसाच्या तसा राहतो. न काढलेल्या नमुन्यांचा हिशेब तिथे निरुपयोगी ठरतो, कारण ते सगळे नमुनेही त्याच बाजूला झुकलेले असतात.

म्हणून जर्नलमध्ये निष्कर्षाच्या आधी मी एक ओळ सक्तीची केली आहे: नमुना कुणी आणि कसा निवडला. ती कोरी असेल, तर पुढचं गणित मी तपासत नाही.