थरथर कोणाच्या वेगाने?

जुन्या पिकअपचे आवाज : भाग ४

ओतूरहून माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात टोमॅटो पोचवणारा एक शेजारी गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे आला. गाडी दहा वर्षांची. म्हणाला, ‘‘दादा, गाडी भरलेली असली की शांत जाते. माल उतरवून रिकामी परत निघालो की पन्नासच्या पुढं सीटखाली थरथर सुरू. घरी पोचेपर्यंत कंबर बधिर होते.’’ तोवर त्याने चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले होते, पुढचे दोन टायर बदलले होते आणि इंजिनाची फाउंडेशन नवी टाकली होती. तीन गॅरेज झाली, एका हंगामाच्या कमाईतला चांगला लचका गेला, आणि थरथर होती तिथेच.

तिन्ही ठिकाणी त्याला एकच प्रश्न विचारला गेला होता : ‘‘आवाज कुठून येतो?’’ माझे म्हणणे असे, की जुन्या पिकअपला हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. पिकअपची चासी म्हणजे पुढून मागे गेलेल्या दोन लांब लोखंडी तुळया. त्यांच्यावर केबिन, त्यांच्यावरच हौदा. एका टोकाला ठोका बसला की तो दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, आणि रिकामा हौदा तो आवाज मोठा करून दाखवतो. शाफ्टच्या मागच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, आवाज ड्रायव्हरला पायाखाली वाटतो आणि फाळक्याच्या साखळीची खणखण डिफरन्शियलमधून आल्यासारखी वाटते. म्हणून पहिला प्रश्न वेगळा हवा : हा आवाज, ही थरथर कोणाच्या वेगाने चालते? इंजिनाच्या, शाफ्टच्या की चाकाच्या?

गेल्या तीन भागांत आपण उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून ऐकू येणारे आवाज पाहिले : फॅनबेल्टची किंचाळी, टॅपेटची टकटक, सायलेन्सरची फुरफुर. आज गाडी चालवू आणि गिअरबॉक्सच्या मागे जाऊ.

थोडे गणित करावे लागेल. एकदाच केले की पुरते. २१५/७५ मापाचा, १५ इंची डिस्कवरचा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर आणि परीघ २.२ मीटर. गाडी ताशी ६० किलोमीटरने जाते तेव्हा ती सेकंदाला सुमारे १६.७ मीटर पुढे सरकते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते. चाकात वजनाचा असमतोल असेल तर सेकंदाला सात-आठ हेलकावे बसतील. हे हाताला वेगवेगळे कळतात. स्टिअरिंग थडथडते, पण ठोके जवळजवळ मोजता येतात.

आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत गेलेली फिरती नळी. डिफरन्शियलमधल्या क्राऊन आणि पिनियनच्या दातांचे प्रमाण ४ च्या आसपास धरले तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट चार वेळा फिरतो. म्हणजे ६० च्या वेगाला सेकंदाला ३० फेरे. इतके हेलकावे हाताला वेगळे कळत नाहीत. त्यांची सलग थरथर होते, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभे राहावे तशी. शाफ्टच्या क्रॉसची खोड तर त्याहून दुप्पट वेगाची, सेकंदाला ६०. का दुप्पट, ते पुढे सांगतो.

आणि इंजिन? टाटा २०७ असो की बोलेरो पिकअप, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, अशी मांडणी. अशा पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. ६० च्या वेगाला चौथ्यात शाफ्टचे सेकंदाला ३० फेरे, तर इंजिनाचेही ३०, मिनिटाला १८००. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ६० धक्के. नेमके क्रॉसइतकेच! आमच्या शेजाऱ्याची फाउंडेशन नाहक का बदलली गेली, ते इथे कळते. मिस्त्रीचा हात चुकला नव्हता. त्याला थरथर इंजिनासारखी लागली, कारण चौथ्या गिअरमध्ये दोन्ही थरथरींचा ताल एकच असतो. त्या गिअरमध्ये हाताने किंवा कानाने त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

वेगळ्या काढायच्या तर दोघांपैकी एकाचा वेग बदलायचा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये थरथर सुरू होईपर्यंत वेग घ्या. मग तोच वेग ठेवून तिसरा टाका. इंजिन वेगाने फिरू लागेल, शाफ्ट आणि चाके होती तशीच फिरतील. थरथरीचा ताल बदलला तर दोष इंजिनाकडचा. तसाच राहिला तर गिअरबॉक्सच्या मागचा. दुसरी चाचणी : त्याच वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा आणि काही सेकंद घरंगळू द्या. इंजिन मंद होईल. थरथर कायम राहिली तर इंजिन निर्दोष. ही चाचणी उतारावर कधीही करू नका आणि चावी तर बंद करूच नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग जागच्या जागी अडकते.

आम्ही दोघे ओतूरच्या पुढे कल्याण रस्त्यावर गेलो आणि दोन्ही चाचण्या केल्या. तिसऱ्यात तीच थरथर. न्यूट्रलमध्येही तीच. इंजिन सुटले. चाकेही सुटली, कारण थरथर मोजता येण्याजोगी नव्हती. उरला शाफ्ट.

(चाकांबद्दल एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाड्यांच्या डिस्कच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा चिखल बसतो आणि वाळतो. एखाद्या ठिकाणी पावशेर-अर्धा किलोचा थर साचला की स्टिअरिंग थडथडू लागते आणि लोक थेट अलाइनमेंटला पैसे भरतात. आधी डिस्क आतून धुवा. शाफ्टभोवती क्रेट बांधायची सुतळी गुंडाळली गेलेली नाही ना, हेही तेव्हाच बघा.)

आता क्रॉस. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, तर मागचा धुरा पाट्यांवर वर-खाली होत असतो. त्यामुळे शाफ्टला वाकूनच फिरावे लागते, आणि ते वाकणे क्रॉसमुळे जमते. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरच्या वाट्या. युरोपात हा सांधा सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानो या इटालियन विद्वानाच्या नावाने ओळखला जातो, इंग्रजांकडे सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या. त्याचा एक मूळचा गुण आहे, जो कितीही चांगला क्रॉस आणला तरी जात नाही. वाकलेल्या सांध्यातून फिरणे पुढे जाताना ते एकसारखे राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात पुढचा भाग दोनदा किंचित पुढे धावतो, दोनदा किंचित मागे पडतो. एका फेऱ्यात दोन हेलकावे, म्हणून मघाचे ते सेकंदाला ६०.

हे हेलकावे मारण्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. पुढच्याने जे बिघडवले ते मागचा दुरुस्त करतो, पण त्याला दोन अटी. दोन्ही टोकांची योक, म्हणजे क्रॉसला धरणारे चिमटे, एका रेषेत हवीत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. पहिली अट गॅरेजमध्ये मोडते. क्लच प्लेट बदलताना शाफ्ट उतरवला, सरकणारा सांधा सुटला आणि परत बसवताना एखादा दात इकडे-तिकडे झाला की पुढच्या क्रॉसचा हेलकावा मागचा क्रॉस पुरता मारत नाही, चूक मोठी असेल तर उलट त्यात भर घालतो. ‘‘क्लच केल्यापासून गाडी थरथरते’’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की ती ऐकताच मी आधी शाफ्टखाली वाकतो. उतरवण्यापूर्वी शाफ्टच्या दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढली तर हे सगळे टळते. चांगले मिस्त्री ती ओढतात.

शेजाऱ्याच्या गाडीची योक एका रेषेत होती. मग मी त्याला विचारले, ‘‘अरे, पाटे कधी वाढवलेस?’’

त्याने हंगामापूर्वी मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले होते. टोमॅटोचा क्रेट साधारण २० किलोचा. ६० क्रेट म्हणजे १२०० किलो. भाव चढला की ८५-९० क्रेट भरायचे, गाडी बसू नये म्हणून पाटे घालायचे, असे सगळेच करतात. भरल्यावर गाडी छान सपाट उभी राहते, पण रिकामी झाली की ताठ पाटे हौदा वर उचलून धरतात. धुरा जमिनीलगतच राहतो, चासी वर जाते आणि मधला शाफ्ट तिरपा होतो.

किती तिरपा, हे आम्ही घरच्या साधनांनी मोजले. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मधल्या भोकातून दोऱ्याने ओळंबा सोडला, कोनमापकाची सरळ कड शाफ्टच्या नळीला लावली आणि दोरा कुठल्या अंशावर येतो ते वाचले. मग पिनियनच्या फ्लँजला लावून तेच केले. दोन आकड्यांतला फरक म्हणजे क्रॉसचा कोन. रिकाम्या गाडीत तो ९ अंशांच्या आसपास निघाला. भरलेले क्रेट रचून पुन्हा मोजला तेव्हा साडेचार. हा अर्धा झालेला कोन छोटा फरक वाटतो, पण नाही. कोन ५ अंशांचा असेल तर मघाचा वेगातला हेलकावा ०.४ टक्का असतो. १० अंशांना तो दीड टक्का होतो. कोन दुप्पट झाला की हेलकावा चौपट होतो. मागचा क्रॉस तो चाकांपर्यंत पोचू देत नसला, तरी मधला शाफ्ट स्वतः तितका हिसके खातच राहतो, आणि ते हिसके शाफ्टला चासीशी टांगून धरणाऱ्या सेंटर बेअरिंगमधून चासीला लागतात. रिकामी गाडी का थरथरत होती आणि भरलेली का गप्प होती, याचे उत्तर त्या कोनमापकावर होते.

शेजाऱ्याने वाढवलेले पाटे काढले. क्रॉस उघडला तेव्हा सुयांनी त्याच्या टोकांवर खाचा पाडलेल्या दिसल्या. तोही बदलावा लागला, आणि फाटलेल्या रबराचे सेंटर बेअरिंगही. थरथर गेली. पाटे आणि धुरा यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून पिनियनचा कोन बदलण्याचा उपायही काही जण करतात. तो मोजमाप करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीचेच काम. अंदाजाने पाचर मारली तर रिकाम्या गाडीतली थरथर भरलेल्या गाडीत जाते, आणि ते जास्त वाईट. माझे स्पष्ट मत : आरसी बुकात एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते, दोन्हींतला फरक हाच तुमचा माल. त्यापुढच्या प्रत्येक क्रेटचे पैसे शाफ्ट, बेअरिंग आणि ब्रेक तुमच्याकडून वसूल करतात.

क्रॉस संपत आला की तो आधी सांगतो. वाटीतले ग्रीस वाळले की सावकाश चालताना चिमणीसारखी चीं-चीं-चीं ऐकू येते, वेगाबरोबर भरभर होते आणि मग रस्त्याच्या आवाजात बुडते. पुढे सुया झिजल्या की गाडी उचलताना किंवा पुढून रिव्हर्सला टाकताना ‘टण्’ असा एकच ठोका. वाट्यांच्या कडेला गंजाची तांबूस पूड दिसली तर शंकाच नको. तपासताना गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने थोडा पुढे-मागे फिरवा. डिफरन्शियलच्या दातांमुळे थोडी मोकळीक असतेच, ती चालते. पण क्रॉसच्या एका बाजूचे योक हलते आणि दुसऱ्या बाजूचे जागेवरच राहते असे दिसले तर क्रॉस गेला. निप्पल असेल तर ग्रीसगनने इतके ग्रीस भरा की चारही वाट्यांतून जुने काळे ग्रीस बाहेर येईल. तीन वाट्यांतूनच आले तर चौथी कोरडी आहे.

डिफरन्शियलच्या ‘घूं’ला पुढच्या आठवड्यात पूर्ण जागा देणार आहे, तोवर एवढेच लक्षात ठेवा, की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने तो बदलतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर त्याने बदलत नाही, वळणावर बदलते. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावे बेअरिंग.

वाचकांना एक कळकळीची विनंती. क्रॉसमध्ये ढिलाई दिसली तर तो बदलेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. माळशेजच्या उतारावर शाफ्ट निखळला तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मग गिअर कुठलाही असो, इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.