घाटापुरता स्वॅप

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इगतपुरीत मुंबई-नाशिकची गर्दी लोटते. समजा, इथल्या एखाद्या हॉटेलची बुकिंगची वेबसाइट १ जीबी रॅमच्या भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालते. हा सर्व्हर आभासी, एका मोठ्या यंत्रातून कापून दिलेला वाटा. ऐन गर्दीत रॅम संपली, तर लिनक्सचा कर्नल एखादा प्रोग्राम मारून जागा मोकळी करतो. जो सर्वांत जास्त मेमरी धरून बसला असेल, त्याच्यावर सहसा पाळी येते. असा प्रोग्राम बऱ्याचदा डेटाबेस असतो, आणि सगळी बुकिंग त्यातच असतात.

हे टाळायला डिस्कवर स्वॅपची राखीव जागा ठेवतात. रॅममधली पडून असलेली माहिती कर्नल तिथे हलवतो. ‘स्वॅपनं सर्व्हर मंदावतो, बंदच ठेवा,’ असा सल्ला सर्रास मिळतो. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून त्याच्या शेकडो पटींनी जास्त, त्यामुळे सल्ल्यात तथ्य आहेच. पण स्वॅप काढला म्हणून डिस्कच्या फेऱ्या थांबत नाहीत. चणचण भासली की कर्नल चालू प्रोग्रामचा कोडसुद्धा रॅममधून काढतो आणि लागेल तेव्हा डिस्कवरून पुन्हा वाचतो. कुणी न विचारलेली माहिती मात्र स्वॅपअभावी रॅम अडवून राहते. हा तोटा फार कमी जण लक्षात घेतात.

स्वॅप हा घाटातल्या बँकर इंजिनांसारखा, म्हणजे मदतीच्या जादा इंजिनांसारखा. कसाऱ्याला गाडीला जोडलेली ही इंजिनं ३७ला १ असा चढ पार करवून इगतपुरीला सुटतात. ती मनमाडपर्यंत लागली, तर मूळ इंजिनच अपुरं आहे असं समजावं. तसंच, ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्वॅपमधली ये-जा दाखवणारे आकडे तासन्‌तास शून्यावर येत नसतील, तर स्वॅप वाढवू नये, रॅम वाढवावी.

मग आधीच भरपूर रॅम का घेऊ नये? कारण मेमरी गळणारा प्रोग्राम ८ जीबीही गिळतो, फक्त थोडा उशिरा. त्याला कुंपण हवं. गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केलेली ‘सीग्रुप’ ही सोय २००८ मध्ये लिनक्समध्ये आली. तिच्या आधारे सर्व्हरवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीत प्रत्येक सेवेला दोन मर्यादा घालता येतात: ‘मेमरीहाय’ ओलांडली की सेवेचा वेग रोखला जातो, ‘मेमरीमॅक्स’ला पोहोचून जागा सुटली नाही की त्याच सेवेतला प्रोग्राम मारला जातो, शेजारचा नाही. वेबसाइटच्या प्रोग्रामला या मर्यादा घालाव्यात आणि मारण्याचा क्रम बदलणारा ‘ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट’ हा आकडा डेटाबेससाठी उणे ठेवावा, म्हणजे पाळी आलीच तर त्याची शेवटी येईल.