जुना संगणक बदलावा काय?

ग्रामपंचायतीचा वा शाळेचा संगणक मंदावला, की नव्या खरेदीचा प्रस्ताव सिद्ध होतो. वास्तविक मंदपणाचे मूळ बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास व रॅम ८ जीबीपर्यंत वाढविल्यास दाखले, पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठी तेच यंत्र आणखी काही वर्षे सहज चालते. खर्चही पुष्कळच कमी.

मात्र विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि, इंटेलचा असल्यास, साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. एसएसडीने ही उणीव भरून निघत नाही. अशा यंत्रावर लिनक्स वापरून काम भागत नसेल, तर नवी खरेदीच रास्त होय. जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तीवरील नोंदी पुसाव्यात, याचा मात्र सर्रास विसर पडतो.