लॅपटॉपची गोदी

जहाज समुद्रात असते तेव्हा ते स्वयंपूर्ण असते; बंदराला लागले की मात्र त्याला गोदीचा आधार घ्यावा लागतो. गोदीत माल चढतो-उतरतो, पाणी आणि इंधन भरले जाते आणि काम आटोपले की जहाज पुन्हा मोकळे होते. इंग्रजीत गोदीला ‘डॉक’ म्हणतात. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द याच अर्थाने आला. 1992 मध्ये ॲपल कंपनीने ‘पॉवरबुक डुओ’ या लहान संगणकासाठी ‘डुओ डॉक’ नावाची पेटी बाजारात आणली. व्हिडिओ कॅसेट यंत्रात सरकवावी तसा तो संगणक या पेटीत सरकवला जाई आणि त्याला मोठा मॉनिटर व इतर साधने जोडली जात. ती पेटी टेबलावरच ठेवावी लागे. आज तेच काम तळहातावर मावणारे साधन करते. त्याला डॉकिंग हब म्हणतात. मराठीत त्याला ‘जोडकेंद्र’ म्हणता येईल.

गरज कशी निर्माण झाली?

लॅपटॉप जसजसे पातळ आणि हलके होत गेले, तसतशी त्यांच्या कडेवरील जोडणीची छिद्रे, म्हणजेच पोर्ट, कमी होत गेली. अनेक लॅपटॉपना आता दोन किंवा तीनच पोर्ट असतात. काम करणाऱ्याच्या गरजा मात्र वाढल्या. समजा, वडोदऱ्यातील एक अनुवादिका घरी बसून काम करते. एका मॉनिटरवर मूळ मजकूर, दुसऱ्यावर अनुवाद आणि लॅपटॉपच्या पडद्यावर शब्दकोश, अशी मांडणी तिला हवी आहे. ती बाजारातून घाईने एक जोडकेंद्र आणते. त्याला मॉनिटर जोडण्याची दोन तोंडे आहेत आणि केबलही लॅपटॉपमध्ये अचूक बसते. परंतु दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते किंवा एक मॉनिटर काळाच राहतो. साधन बिघडलेले नसते. निवड चुकलेली असते. तोंडाचा आकार जुळला म्हणजे कार्यही जुळले, असे समजण्यात ही चूक असते.

एक आकार, अनेक गुण

ही चूक का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वी संगणकाला कळफलक, माउस आणि छपाईयंत्र जोडण्यासाठी वेगवेगळी तोंडे असत. हा गोंधळ दूर करणारे यूएसबी हे मानक 1996 मध्ये आले. ते घडवणाऱ्या अभियंत्यांपैकी एक प्रमुख नाव म्हणजे अजय भट्ट. त्यांचे शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. पुढे 2014 मध्ये यूएसबी टाइप-सी हे लहान, लंबगोल तोंड आले. ते कोणत्याही बाजूने बसते आणि त्याच्या 24 सूक्ष्म पट्ट्यांमधून माहिती, चित्र व वीज या तिन्ही गोष्टी वाहू शकतात.

येथे ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टाइप-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव आहे. त्यातून काय वाहील, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. काही पोर्टमधून केवळ माहिती जाते, काहींमधून माहिती आणि वीज, तर काहींमधून चित्रही जाते. चित्र वाहून नेण्याच्या सोयीला ‘डिस्प्लेपोर्ट पर्यायी पद्धत’ म्हणतात. काही लॅपटॉपवर पोर्टशेजारी तिची खूण असते. विजेच्या बाणासारखी खूण असेल तर ते थंडरबोल्ट पोर्ट असते. मात्र खूण नसली म्हणून सोय नाही, असेही नसते. त्यामुळे लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहणे हाच खात्रीचा उपाय होय.

पडद्यांचे गणित

मॉनिटरवरील चित्र असंख्य ठिपक्यांनी बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी मॉनिटरवर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार पिक्सेल असतात. 4के मॉनिटरवर ते याच्या चौपट, म्हणजे सुमारे 83 लाख असतात. हे चित्र दर सेकंदाला सामान्यतः 60 वेळा नव्याने रेखाटले जाते. ही संख्या हर्ट्झमध्ये सांगतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी 24 बिट धरले, तर फुल एचडी मॉनिटरला सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट आणि 4के मॉनिटरला सुमारे 12 गिगाबिट माहिती पुरवावी लागते.

टाइप-सी तोंडात अशा वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. सर्वसाधारण जोडकेंद्र त्यांपैकी दोन चित्रासाठी वापरते आणि दोन पेनड्राइव्हसारख्या साधनांसाठी राखून ठेवते. डिस्प्लेपोर्टच्या 1.2 आवृत्तीत दोन मार्गिकांमधून सेकंदाला सुमारे 8.6 गिगाबिट माहिती जाते. 4के मॉनिटरच्या 12 गिगाबिटना ती पुरत नाही. म्हणून स्वस्त जोडकेंद्राच्या खोक्यावर ‘4के’ हे अक्षर मोठे आणि ‘30 हर्ट्झ’ हे बारीक छापलेले असते. 30 हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो आणि दिवसभर वाचन करणाऱ्यास ते त्रासदायक होते. आपला मॉनिटर फुल एचडी असेल तर ही अडचण येत नाही. मग 60 हर्ट्झच्या 4के क्षमतेसाठी अधिक पैसे मोजण्याचेही कारण उरत नाही.

दोन मॉनिटर जोडण्याचे मार्ग

एकाच केबलमधून दोन स्वतंत्र चित्रे नेण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहात अनेक चित्रे गुंफली जातात. त्याला ‘एमएसटी’ म्हणतात. विंडोज प्रणालीच्या लॅपटॉपवर हा मार्ग सोयीचा आणि तुलनेने स्वस्त ठरतो. ॲपलच्या मॅक प्रणालीत मात्र अशा जोडकेंद्रामुळे दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. अनुवादिकेचा लॅपटॉप मॅक असेल, तर तिच्या अडचणीचे मूळ येथेच सापडेल.

दुसरा मार्ग थंडरबोल्टचा. 2020 च्या थंडरबोल्ट 4 मानकानुसार संगणकाला किमान दोन 4के मॉनिटर चालवता यावे लागतात. त्याचा वेग सेकंदाला 40 गिगाबिट असतो. पण ही जोडकेंद्रे महाग असतात आणि पुष्कळदा त्यांच्यासोबत वेगळा, जड वीजपुरवठा न्यावा लागतो. जो रोज प्रवास करतो, त्याला ती सुवाह्य वाटतीलच असे नाही.

तिसरा मार्ग ‘डिस्प्लेलिंक’ तंत्राचा. यात लॅपटॉपमधील सॉफ्टवेअर चित्र आकुंचित करून साध्या यूएसबी मार्गाने पाठवते आणि जोडकेंद्रातील चिप ते पुन्हा उलगडते. ज्या लॅपटॉपमधून चित्र बाहेर जाण्याची सोयच नाही, त्यालाही हा मार्ग उपयोगी पडतो. एम1 व एम2 चिपच्या मॅकबुक एअरला मूळच्या सोयीने एकच बाह्य मॉनिटर जोडता येतो. तेथेही हा तोडगा चालतो. परंतु त्यासाठी सॉफ्टवेअर बसवावे लागते. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसेल तर हा मार्ग बंद होतो. शिवाय यात प्रोसेसरवर भार पडतो आणि संरक्षित चित्रपट या मॉनिटरवर दिसत नाहीत, असेही घडते.

या तिन्हींखेरीज एक साधा उपाय अनेकदा विसरला जातो. लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय पोर्ट असेल आणि त्याची चिप दोन बाह्य मॉनिटर हाताळत असेल, तर एक मॉनिटर थेट त्या पोर्टला आणि दुसरा साध्या जोडकेंद्राला जोडता येतो. अशा वेळी महागड्या साधनाची गरजच उरत नाही.

विजेचा हिशेब

चांगले जोडकेंद्र चार्जरची वीजही लॅपटॉपपर्यंत पोहोचवते. त्यामुळे एकच केबल लावून सर्व काम होते. मात्र खोक्यावर लिहिलेले ‘100 वॅट’ म्हणजे जोडकेंद्र चार्जरकडून जास्तीत जास्त किती वीज स्वीकारते, हा आकडा असू शकतो. त्यातील काही भाग, साधारणपणे 10 ते 15 वॅट, जोडकेंद्र स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या साधनांसाठी राखून ठेवते. 65 वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉपला 50 ते 55 वॅटच मिळतात. लॅपटॉपची गरज त्याहून अधिक असेल तर चार्जिंग चालू असतानाही बॅटरी हळूहळू उतरते.

केबलकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. 60 वॅटपेक्षा अधिक वीज नेण्यासाठी केबलच्या टोकात तिची क्षमता सांगणारी लहानशी चिप असावी लागते. दिसायला सारख्या दोन केबलींपैकी एक हे काम करते, दुसरी करत नाही.

वापरातील बारकावे

जोडकेंद्र काम करताना गरम होते. धातूचे आवरण उष्णता बाहेर टाकते; म्हणून ते हाताला कोमट लागले तर घाबरू नये, पण त्यावर कागद किंवा कापड ठेवू नये. यूएसबी 3 च्या वेगवान माहितीमुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये अडथळा येतो. बिनतारी माउस अडखळू लागला तर त्याचा लहान ग्राहक जोडकेंद्रापासून दूर, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावावा. जोडकेंद्राला जडलेली केबल फार आखूड असेल तर ते हवेत लोंबकळते आणि पोर्टवर ताण येतो.

निवडीची रीत

यावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम लॅपटॉपचे पोर्ट चित्र बाहेर देते का आणि किती मॉनिटर चालवते, हे पाहावे. त्यानंतर मॉनिटरचे पिक्सेल, हर्ट्झ व तोंडाचा प्रकार नोंदवावा. मग चार्जरच्या वॅटमधून 15 वजा करावेत आणि उरलेली वीज लॅपटॉपला पुरते का, हे तपासावे. किंमत, वजन आणि जादा तोंडे यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. शक्य असल्यास स्वतःचा लॅपटॉप दुकानात नेऊन दोन मॉनिटर जोडून पाहावेत; तसे जमत नसेल तर वस्तू परत घेण्याची अट विचारून पावती जपून ठेवावी.

भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे. त्यामुळे एकच चार्जर अनेक साधनांना चालावा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घटावा, अशी अपेक्षा आहे. मात्र न तपासता घेतलेली आणि खणात पडून राहिलेली जोडकेंद्रे या कचऱ्यात भरच घालतात. मानकाने तोंडे सारखी केली; त्यांच्यामागचे गुण ओळखण्याचे काम ग्राहकाचेच राहिले. गोदीत शिरण्यापूर्वी नावाडी पाण्याची खोली पाहतो. खरेदीपूर्वी खोक्यावरील बारीक अक्षरे वाचणाऱ्या ग्राहकाचे शहाणपणही याच जातीचे असते.