फुगवायची बोट घेऊन समुद्रात मासेमारी? नाशिकहून निघण्याआधी फोनमध्ये हे ४ चेक करा

गंगापूर धरणाच्या शांत पाण्यात बोट चालवणं वेगळं आणि डहाणूच्या समुद्रात गळ टाकणं वेगळं. म्हणून आधी हे बघा.

१. वारा : विंडी अ‍ॅपमध्ये फक्त वेग नाही, दिशाही बघा. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हवेची बोट हलकी, त्यामुळे ती भराभर आत ओढली जाते आणि वल्ही मारून परतणं अवघड होतं. वारा पूर्वेचा दिसला, तर बेत रद्द.

२. भरती-ओहोटी : वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून त्याच दिवसाचा तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळा.

३. लाटा : हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेच्या वेबसाइटवर लाटांची उंची आणि इशारे मिळतात.

४. नकाशा : जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा लोड व्हायला लागतं. तो घरीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि जिथून बोट सोडणार तिथे पिन टाका.

अडकलात तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. पण रेंज गेली की फोन लागणार नाही. म्हणून लाइफ जॅकेट, शिट्टी हवीच. परतायची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जा. आणि पावसाळ्यात हा प्लॅन नकोच!