कार्ड जपून ठेवावंसं वाटलं पाहिजे!

मैत्रिणींनो, घरात कुणी जादूचे प्रयोग करणारं असेल, तर त्याच्या व्हिजिटिंग कार्डात तुम्हीही जरूर लक्ष घाला. आमचे धाकटे भावजी वाढदिवसांना, मुंजींना प्रयोग करतात. त्यांचं पहिलं कार्ड म्हणजे नुसती जत्रा! सोनेरी वेलबुट्टी, ससा, कबुतर, चार पदव्या; आणि फोन नंबर मुंगीएवढा. पाचशे कार्डं वाटली, बोलावणं एकही नाही. लेकीची फी याच कमाईतून भरायची. जाऊ अगदी हिरमुसली.

मग आम्ही दोघीच बसलो. रामदास पाध्ये म्हटलं, की आधी अर्धवटराव आठवतो ना? तसं एकच चित्र ठेवायचं. आम्ही टोपी निवडली. खाली नाव, 'घरगुती समारंभात जादूचे प्रयोग' एवढीच ओळ, आणि चष्म्याशिवाय वाचता येईल असा नंबर. आकार नेहमीचाच, साडेतीन इंच बाय दोन इंच. पाकिटात सहज बसतो. कडेला पाव इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर कापताना अक्षरं जातात. कागद बिनचकाकीचा घ्या. त्यावर पेनानं तारीख लिहिता येते.

आणि मागच्या बाजूला? छोटीशी जादू! 'मनात एक आकडा धरा. दुप्पट करा. ८ मिळवा. निम्मे करा. पहिला आकडा वजा करा. उत्तर ४!' शाळेत मी मुलांना हे नेहमी घालते. मिळवलेल्या आकड्याचं निम्मं, एवढंच गुपित!

आता मुलंच कार्ड सोडत नाहीत. परवा एका आईचा फोन आला, "अहो, तुमचं कार्ड आमच्या बंड्याच्या कंपासपेटीत सापडलं. रविवारी मोकळे आहात का?"