रेष आखली, वाटणीचं काय?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या माळावर पाणी अडवायचं काम कुदळीनं सुरू होत नाही. दोन बांबूंचे पाय, मध्ये आडवी काठी आणि शेंड्यापासून सुतळीला टांगलेला दगड, एवढ्यावर आधी ‘ए फ्रेम’ उभी राहते. सुतळी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोब्बर मधोमध तिसरी. सुतळी या तिसऱ्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत आले. मी पाहिलं त्या गावात हे काम बचत गटातल्या एक वहिनी करत होत्या. त्या पाय टेकवायच्या, मागून एक पोरगा फक्की टाकायचा. टेकडीच्या अंगानं वळत वळत पांढरी रेष पुढं सरकायची. याच रेषेवर सलग समतल चर खोदायचा आणि माती उताराच्या अंगाला टाकायची. मग पळणारं पाणी चरात थांबतं आणि मुरतं.

याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी म्हणून गेली, आणि शेजारच्या सांगलीतल्या खानापूर-आटपाडीची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगली. पाणी फाउंडेशननं 2016 मध्ये पाणी अडवणाऱ्या गावांसाठी वॉटर कप ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिला नंबर कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं काढला. 2018 मध्ये तो माणमधल्या टाकेवाडीकडं आला. त्या वर्षी 8 एप्रिल ते 22 मे, भर उन्हाळ्यात, गावंच्या गावं पहाटे टिकाव-खोरी घेऊन माळावर जायची.

खोदाई अवघड असतेच, पण खरं अवघड काम आदल्या रात्री पारावर होतं. फक्कीची रेष कुणाच्या सातबाऱ्याला विचारत नाही. ती एका तात्यांच्या पडीक तुकड्यातनं गेली. “माझ्या रानात चर न्हाई पाडायचा. तुमचं पानी मुरंल, माझी जमीन जाईल,” तात्या म्हणाले. गावातल्या दोन्ही राजकीय गटांचे पुढारी समजावून थकले. मग दुपारी चार-पाच बायका तात्यांच्या घरी जाऊन बसल्या. तात्यांच्या कारभारणीनंच सांगितलं, “पाडा चर. हंडा मी वाहते.” दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः घमेली भरून देत होते. संघटन हे असं उंबऱ्याउंबऱ्यानं होतं. व्यासपीठावरच्या भाषणांचा वाटा त्यात फार थोडा, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण एक प्रश्न पारावर कुणी काढला नाही. पाणी मुरेल, विहिरी वर येतील, मग ते उपसणार कोण? ज्याची बोअर खोल आणि मोटर मोठी, तोच. चर खोदणाऱ्या भूमिहीन घराच्या वाट्याला काय?

हा प्रश्न सांगली जिल्ह्यानं 1980 च्या दशकातच विचारला होता. 1982 च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेले कामगार आणि दुष्काळानं गांजलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. डॉ. भारत पाटणकर त्यात आघाडीवर होते. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि पात्र कोरडं पडत होतं. लोकांनी वाळूवर हक्क सांगितला, मोजकी वाळू विकून पैसा उभा केला आणि तांदुळवाडी-बलवडीला बळीराजा स्मृती धरण बांधलं. त्यांनी वाटणीही ठरवली: प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क, भूमिहीनांनाही, आणि ऊस लावायचा नाही. त्याआधी पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं हाच मार्ग घेतला होता. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा.

वाटणीचा नियम ठरवण्याची वेळ पाणी येण्याआधीचीच असते. विहीर भरल्यावर ज्याच्याकडं मोटर आहे तो ऐकून घेत नाही. आधी सगळेच तहानलेले असतात, म्हणून सगळे एका पारावर बसतात.

म्हणून येत्या उन्हाळ्यात ज्या गावात फक्की पडणार असेल, तिथल्या मंडळींना एकच विनंती. पहिला टिकाव पडायच्या आधी ग्रामसभा बोलवा. बोअर किती खोल, ऊस लावायचा की नाही, भूमिहीन घराचा वाटा किती, हे ठरावाच्या वहीत लिहा आणि त्यावर बायकांच्याही सह्या घ्या.